सोंगाड्याचा मान : तमाशा, जात आणि मराठी विनोदाचा इतिहास

१/
मराठी माणूस विनोदप्रिय आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु या विनोदाची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी कार्यशाळा कोणती, आणि तिच्यात राबणारे कारागीर कोण होते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. आजचा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे. विषय तमाशाचा आहे, पण लावणीपेक्षा सोंगाड्याचा अधिक. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

२/
सुरुवात घरापासून करतो. माझे आजोबा दरवर्षी जत्रेला तमाशा पाहत आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून सोंगाड्याची नक्कल करीत. आजी हसून लोटपोट होई. आजीने मात्र आयुष्यात एकदाही तमाशा पाहिला नाही, कारण ‘घरंदाज’ बायकांनी तिकडे फिरकायचे नसे. इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर मी आजोबांना विचारले, की ते कलावंत गावात आले म्हणजे जेवत कुठे? आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडं नाही.”

३/
प्रथम तमाशाची बांधणी पाहू. आरंभी गण, म्हणजे गणेशस्तवन. मग गवळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि त्यांच्या पुढे मावशी असते. त्यानंतर बतावणी, म्हणजे सोंगाड्याची हजरजबाबी बोलाचाली. शेवटी वग, म्हणजे प्रत्यक्ष कथानाट्य. मध्ये मध्ये लावण्या आणि सवाल-जवाब. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज आणि मागे झील धरणारे झीलकरी. यांतील गवळण, बतावणी आणि वग या तिन्ही भागांचा कणा विनोद हाच असे.

४/
फडांतले कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतून येत. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच हाती गावाची करमणूक सोपवली होती. त्यात एक विचित्र व्यवहार होता. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्या शब्दावर पाटील-कुलकर्ण्यांपासून सारा गाव हसत असे. हसू चालत होते. हसवणाऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते.

५/
तमाशाचा फड मुळात मिश्र होता, हेही ध्यानात घ्यावे. पेशवाईच्या उत्तरकाळातील नामवंत शाहीर पाहा. सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण. होनाजी गवळी, तर त्यांचे जोडीदार बाळा करंजकर शिंपी. सगनभाऊ मुसलमान, व्यवसायाने शिकलगार. एवढे भिन्न लोक एकाच कलाप्रकारात नावारूपाला येतात, असे त्या काळातले दुसरे क्षेत्र दाखवणे अवघड आहे. मात्र हे मिश्रण कवनकारांच्या पातळीवर अधिक दिसते. नाचणारे, सोंग घेणारे, ढोलकी वाजवणारे हात पुष्कळदा अस्पृश्य मानलेल्या समाजांचेच राहिले.

६/
वग हा तमाशाचा नाट्यभाग त्यानंतरचा. सावळजच्या उमा-बाबू यांचा १८६५च्या सुमाराचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो. या जोडीतील उमाजी मांग समाजाचे होते. वगामुळे सोंगाड्याला कथानकात पक्की जागा मिळाली. कधी तो राजाचा हुजऱ्या असे, कधी हवालदार, कधी प्रधानाच्या मागे-पुढे करणारा गडी. राजा हुकूम सोडतो, आणि सोंगाड्या त्या हुकमाचा शब्दशः अर्थ लावून राजालाच उघडा पाडतो. वगातील विनोदाची ही मुख्य कळ होती.

७/
हे संवाद लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असे. बाकीचे बोलणे बोर्डावर उभे राहून, समोरचे प्रेक्षक पाहून सुचत जाई. गावात सावकाराचा जाच असेल, तर त्या रात्री वगातला प्रधान सावकारासारखा बोलू लागे. यामुळे विनोद ताजा राही. त्याचा एक तोटाही होता. जे लिहिले गेले नाही, त्यावर कोणाचे नावही पडले नाही. पिढ्यान् पिढ्यांचे विनोद फडातून फडात गेले आणि त्यांचे मूळ कर्ते अनामिक राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

८/
सोंगाड्याला राजाची टवाळी करण्याची मुभा होती, म्हणून तमाशा हा समतेचा उत्सव होता असे मानण्याचे कारण नाही. ती मुभा रात्रीपुरती होती; सकाळी गाव पुन्हा जागच्या जागी येई. शिवाय तमाशाचा विनोद खालच्या दिशेनेही वार करी. पेंद्या लंगडा किंवा बोबडा, म्हणून हसू. मावशी म्हातारी होत चाललेली बाई, म्हणून हसू, आणि तिची भूमिका पुरुषाने लुगडे नेसून करायची. नाचणारी स्त्री सवाल-जवाबात चोख उत्तर देई खरे, परंतु बहुतेक वेळा विनोदाचा मालक सोंगाड्या असे आणि ती विनोदाचा विषय.

९/
विदूषकाच्या या शक्तीचा विचारपूर्वक उपयोग एकोणिसाव्या शतकात कोणी केला असेल, तर तो जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोशीबुवा एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहदशेची भीती घालून लुबाडतात, अशी त्याची कथा. तिच्यात जोतीरावांनी एक विदूषक ठेवला, आणि तो प्रसंगागणिक प्रेक्षकांशी बोलून जोशीबुवांची लबाडी उलगडत जातो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या ब्राह्मण असे. इथे तो कुणब्याच्या बाजूने उभा आहे.

१०/
या नाटकाचे पुढे काय झाले? जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली आहे. ‘तृतीय रत्न’ छापील स्वरूपात वाचकांपुढे आले ते १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. एखाद्या समाजाचा विनोद साहित्यात प्रवेश करू पाहतो तेव्हा दारावर कोण उभे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

११/
दरम्यान मराठीत ‘प्रतिष्ठित’ विनोद जन्माला आला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’, गडकऱ्यांचे बाळकराम, चिं. वि. जोशींचे चिमणराव, हे सारे थोर लेखन आहे आणि मीही त्यावरच वाढलो आहे. पण ते शिकलेल्या शहरी मध्यमवर्गाचे जग होते. मराठी विनोदाचा इतिहास म्हणून पाठ्यपुस्तकांत हाच प्रवाह शिकवला गेला. तमाशाच्या विनोदाला ‘ग्राम्य’, ‘पाचकळ’, ‘चावट’ अशी विशेषणे लागली. विनोद तोच असला, तरी ओसरीवरच्या आरामखुर्चीत तो ‘कोटी’ ठरे आणि फडात ‘पाचकळपणा’.

१२/
आता या कहाणीतील सर्वांत गाजलेली जोडी. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. हे ब्राह्मण घरातील तरुण तमाशाच्या नादाने घरदार आणि जात सोडून निघाले, आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडाची नायिका होती पवळा, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा गावची महार समाजातील कलावती. मुंबईच्या पिला हाउस परिसरातील थिएटरांत गिरणी कामगारांनी ही जोडी डोक्यावर घेतली.

१३/
बापूरावांचे धाडस मोठे होते. सोवळ्यात वाढलेल्या माणसाने त्या काळी महारवाड्यात राहून फड उभा करणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. त्यांचे उत्तरायुष्य हलाखीत गेले. पण ही कथा आपण सांगतो ती कशी, हे पाहा. ‘ब्राह्मणाने तमाशासाठी जात सोडली’ हे वाक्य सर्वांना पाठ असते. पवळेने काय सोडले, तिला काय मिळाले, तिचा गळा आणि तिची अदा नसती तर त्या कवनांचे काय झाले असते, हे कोणी विचारत नाही. वरून खाली येणाऱ्याचा त्याग इतिहासात नोंदला जातो. जी तिथेच जन्मली, तिच्या कर्तृत्वाला केवळ ‘साथ’ म्हटले जाते.

१४/
इथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. अस्पृश्य समाजातील स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, हा त्या नकाराचा अर्थ. हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा मी थबकलो होतो. एका बाजूला जात सोडून आलेला कलावंत, दुसऱ्या बाजूला जातीचा अंत करू पाहणारा नेता, आणि त्या पैशात पवळेच्याही घामाचा वाटा.

१५/
बाबासाहेबांच्या भूमिकेमागे ठोस कारण होते. तमाशात दलित स्त्रीला जागा होती, हे खरे. परंतु कोणती जागा? तिला बोर्डावर आणणारी व्यवस्थाच तिला गावाच्या नजरेत ‘उपलब्ध’ ठरवत होती. जून १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत देवदासी, जोगतिणी, वाघ्या-मुरळी यांच्या सभेत तो जीवनमार्ग सोडण्याचे आवाहन केले, तेही याच विचाराने. इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील स्त्रिया आणि अश्लीलतेचा शिक्का यांवर सविस्तर लिहिले आहे. ज्यांना या विषयात खोल जायचे आहे, त्यांनी तो अवश्य वाचावा.

१६/
मग विनोदाचे काय करायचे? तमाशा टाकायचा म्हणजे सोंगाड्याही टाकायचा का? चळवळींनी याचे उत्तर मोठ्या कल्पकतेने दिले. सत्यशोधक समाजाच्या जलशांनी तमाशाचा साचा ठेवला आणि आतला माल बदलला. गणातले दैवत बदलले. वगात सावकार, भटजी, शिक्षणाची गरज, लग्नातला कर्जबाजारीपणा हे विषय आले. सोंगाड्या मात्र तसाच राहिला. अडाणीपणाचा आव आणून शहाण्यांना निरुत्तर करणारे त्याचे कसब प्रचाराला फार उपयोगी होते.

१७/
१९३०च्या दशकात आंबेडकरी जलशांनी हाच मार्ग आणखी पुढे नेला. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी. त्यांनी नाचणारी स्त्री वगळली, शृंगार वगळला. ढोलकी, पल्लेदार गायन आणि खोचक संवाद ठेवले. मेलेल्या जनावराचे मांस, गावकीची कामे, पाणवठ्यावरचा अपमान या विषयांवर लोकांना आधी हसवायचे आणि मग अंतर्मुख करायचे, अशी त्यांची रीत. माझ्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही सांगितले जातात. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना हसवणारी माणसे इथे पहिल्यांदा स्वतःच्या लोकांसाठी, स्वतःच्या अटींवर विनोद करू लागली.

१८/
या सुधारणेची एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. जलशाचा बोर्ड पुरुषांचा झाला. प्रतिष्ठा मिळाली, पण ज्या स्त्रियांनी तमाशा जगवला त्यांच्यासाठी त्या प्रतिष्ठित बोर्डावर फारशी जागा उरली नाही. ‘नाचू नकोस’ हे सांगणे न्याय्य होते. ‘मग तू सोंगाडी हो’ असे तिला क्वचितच कोणी म्हटले असेल. याचा दोष एका चळवळीला देणे अन्यायाचे ठरेल. त्या काळी स्त्रीने चारचौघांत लोकांना हसवावे, ही कल्पना पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित रंगभूमीलाही पेलणारी नव्हती.

१९/
पुढचे नाव अण्णा भाऊ साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा. म्हणजे पठ्ठे बापूरावांचाच तालुका. मांग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊंना तमाशा घरातूनच ठाऊक होता. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही नावेच त्यांच्या उपरोधाची दिशा सांगतात. त्यांनी गणात कष्टकऱ्याला आणि धरतीला वंदन केले, आणि या नव्या रूपाला नाव मिळाले ‘लोकनाट्य’.

२०/
चाळीसच्या दशकाच्या अखेरीस बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. लाल बावटा कलापथकालाही सरकारी बंदीचा फटका बसला. एकाचा गुन्हा ‘चावटपणा’, दुसऱ्याचा गुन्हा राजकारण. हजारो कलावंतांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, गाऱ्हाणी गेली, आणि पुढे बंदी अटींसह उठली. त्या अटींतील एक अट वरकरणी निरुपद्रवी वाटते : खेळाची संहिता आधी लिहून तपासणीसाठी द्यावी.

२१/
आता सातवे ट्वीट आठवावे. ज्या कलेचा जीवच बोर्डावर सुचणाऱ्या बोलण्यात होता, तिला लिखित संहिता मागितली गेली. फडातल्या कित्येक उत्तम सोंगाड्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; शाळेने त्यांना आत घेतलेच नव्हते. म्हणजे जातीने आधी शिक्षण नाकारले आणि शासनाने नंतर लेखनाची अट घातली. दोहोंचा परिणाम एकत्र पाहिला, तर लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्याकडे तमाशाच्या विनोदाचे लेखकपण सरकू लागले, हे समजून घेणे अवघड नाही.

२२/
स्वातंत्र्यानंतरच्या लोकनाट्याची भरभराट या पार्श्वभूमीवर पाहावी. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, पु. ल. देशपांड्यांचे ‘पुढारी पाहिजे’, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांचे वग, आणि १९६५चे वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’. या लेखकांनी तमाशाचा विनोद नाट्यगृहात नेला आणि मध्यमवर्गीय स्त्रियांना पहिल्यांदा उजळ माथ्याने तो पाहता आला. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे बहुजन समाजातील थोर विनोदी नट याच वाटेने पुढे आले.

२३/
त्याच वाटेवरून दादा कोंडके आले. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केलेले दादा ‘विच्छा’त संहितेबाहेर जाऊन ताज्या घटनांवर बोलत, आणि तिथे जुना सोंगाड्या पुन्हा जिवंत होई. १९७१ साली आलेल्या त्यांच्या चित्रपटाचे नावच ‘सोंगाड्या’. अर्धी चड्डी घातलेला, नाडी लोंबणारा हा नायक अभिरुचीच्या रखवालदारांना आवडला नाही. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. कामगार आणि शेतकरी यांना पडद्यावर स्वतःसारखा नायक दिसला, हेही एका अर्थाने समावेशनच होते. त्यांच्या द्व्यर्थी विनोदात बाईला मिळालेली जागा मात्र पुष्कळदा जुनीच राहिली.

२४/
मग मूळ फडांतल्या सोंगाड्यांचे काय? दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’ या वगात उभा केलेला सावळ्या कुंभार हा मराठी रंगभूमीवरील विनोदी अभिनयाचा एक मानदंड आहे. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ने तंबू भरून टाकले, दोघांतला काळू कोणता आणि बाळू कोणता, या गोंधळावरच अर्धा वग तरून जाई. तरीही विनोदी नटांच्या आपल्या आवडत्या याद्यांत ही नावे किती वेळा येतात? ज्यांना त्यांनी प्रेरणा दिली, त्यांची नावे आधी येतात.

२५/
आणि स्त्रिया? विठाबाई नारायणगावकर यांची एक कथा सर्वत्र सांगितली जाते : खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन, नाळ दगडाने तोडून, त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ही कथा जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती कामगाराच्या हक्काची कथा वाटते. फडातल्या कलावंताने मालकाकडून ‘उचल’ घेतलेली असते आणि दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या हंगामात ती फेडायची असते. गावाने सुपारी दिलेली असते आणि खेळ थांबला तर तंबूवर दगड येतात. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा आर्थिक ओढग्रस्ती संपलेली नव्हती. त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

२६/
आज चित्र बदलते आहे का? २०१२ साली आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात जालना जिल्ह्यातील शेतकरी कलावंतांनी यमाला भीमनगरात हिंडवून महाराष्ट्राला खदखदून हसवले आणि गप्पही केले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, संभाजी भगत यांची शाहिरी. जलशाचे रक्त त्या नाटकात वाहताना दिसते. अलीकडे अंकुर तांगडे, मंजीत सरकार यांच्यासारखे दलित विनोदकार ‘ब्लू मटेरियल’ या नावाने एकत्र येऊन स्टँडअप करू लागले आहेत. हातात माईक घेऊन एकट्याने उभे राहणारी तरुण मुलगी स्वतःच्या जातीवर, स्वतःच्या आयुष्यावर विनोद करते, तेव्हा पवळेला न मिळालेली एक जागा तिने घेतलेली असते.

२७/
या दीडशे-दोनशे वर्षांतून मी एक मोजपट्टी घेऊन निघालो आहे. विनोदाच्या व्यवसायात ‘सर्वांना जागा आहे’ असे कोणी म्हटले, की चार गोष्टी विचाराव्यात. बोर्डावर कोण उभे आहे? बोलणे कोणाच्या मनातले आहे? गल्ला कोणाकडे जातो? आणि खेळ संपल्यावर त्या माणसाला कोणत्या पंगतीत बसवले जाते? तमाशात पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच समाधानकारक होते. अडचण उरलेल्या तिघांची होती.

२८/
आजी आता थकली आहे. मागच्या दिवाळीत तिला मोबाइलवर ‘गाढवाचं लग्न’मधला एक जुना प्रवेश दाखवला. ती हसली, मग म्हणाली, “तुझे आजोबा हेच करून दाखवायचे. मला वाटायचं, त्यांचंच आहे.”

तुमच्या घरात, गावात कोणा सोंगाड्याची, मावशीची, ढोलकीवाल्याची आठवण कोणी सांगत असेल, तर त्यांचे नाव आणि गाव विचारून लिहून ठेवा. यांतले बरेच काही कोणी कधी लिहून ठेवलेले नाही.

थ्रेड समाप्त. चुका आढळल्यास अवश्य दाखवाव्यात, दुरुस्त करीन.